चाळिशी

मनुष्याला पूर्वीसारखे स्पष्ट दिसेनासे झाले म्हणजे त्या अवस्थेला नाव देताना जगातील बहुतेक भाषांनी डोळ्यांत अथवा डोळ्यांपुढे काहीतरी येऊन बसल्याची कल्पना केलेली आहे. कोणाला तेथे अंधार दिसला, कोणाला पाणी, कोणाला पडदा, तर कोणाला मोती. मराठीच्या संग्रहीही अशी नावे पुष्कळ आहेत. बुबुळावर पांढुरका थर धरला की डोळ्यावर ‘सारा’ आला म्हणावयाचे, जखम भरून निघाल्यावर पांढरा डाग मागे राहिला की डोळ्यात ‘फूल पडले’ म्हणावयाचे, आणि संस्कृतातील ‘पटल’ प्राकृताच्या वाटेने घरी येता येता ज्याचे ‘पडळ’ झाले, तो शब्द तर वैद्यांपेक्षा अज्ञानाचे वर्णन करणाऱ्या संतांच्याच अधिक उपयोगी पडला. ‘अंधुक’ हे अंधाचेच धाकटे रूप, आणि ‘धूसर’ म्हणजे मुळात धुळीच्या रंगाचे. ह्या सर्वांच्या पंक्तीत ‘चाळिशी’ मात्र उपरी दिसते. तिच्यात डोळा नाही, अंधार नाही, पाणी नाही. जन्मापासून मोजलेल्या वर्षांचा एक आकडा तेवढा आहे. तरीसुद्धा दृष्टिमांद्याच्या आपल्या साऱ्या नावांत वस्तुस्थितीशी सर्वांत प्रामाणिक असे नाव हेच आहे, असे माझे मत आहे, आणि ते का, हे ह्या प्रकरणात सांगावयाचे आहे.

शब्दाची घडण साधी आहे. संस्कृत ‘चत्वारिंशत्’ झिजून ‘चाळीस’ झाले आणि त्याला ईकार लागून विशी, तिशी, पन्नाशी, साठी ह्यांच्यासारखे वयाच्या टप्प्याचे नाव तयार झाले. परंतु विशी-तिशीला वयापलीकडे दुसरा हुद्दा मिळाला नाही, साठीची अपकीर्ती बुद्धीपुरती राहिली, आणि चाळिशीकडे मात्र एकाच वेळी तीन कामे आली: ती वय झाली, त्या वयात जवळचे दिसेनासे होण्याची अवस्था झाली, आणि त्या अवस्थेवर उपाय म्हणून नाकावर चढवावयाचा चष्माही झाली. ‘चाळिशी लागली’ म्हणताना आपण दुखणे सांगतो आणि ‘माझी चाळिशी पाहिलीस का ग कुठे?’ असे विचारताना वस्तू शोधत असतो. रोग आणि औषध ह्यांना एकच नाव असल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही. शेजाऱ्यांचेही हिशेब पाहण्यासारखे आहेत. कन्नडात ह्याच अवस्थेला ‘चाळीसु’ म्हणतात. तेलुगूने संस्कृताच्या अधिक जवळ राहून ‘चत्वारमु’ म्हटले. गुजराती मनुष्य हिशेबात पक्का, म्हणून त्याने दोन वर्षे पुढे ढकलून ‘बेताळां’ म्हणजे बेचाळिशी धरली! दक्षिणेकडे मलयाळमने मात्र वयाचा नाद सोडून ‘वेळ्ळेळुत्त’, म्हणजे पांढरे अक्षर, असे काव्यमय नाव दिले आहे. पानावरची काळी अक्षरे फिकट होत पानाच्याच रंगात मिसळून जातात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला त्या नावाची यथार्थता वेगळी पटवावी लागणार नाही. ग्रीकांनी वय पकडले, पण आकडा सांगण्याचे टाळले: पाश्चात्त्य वैद्यकातील ‘प्रेस्बायोपिया’ ह्या संज्ञेत ‘प्रेस्बिस’ म्हणजे वृद्ध, आणि ह्याच ‘प्रेस्बिस’पासून ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे ‘प्रीस्ट’ हे नाव आलेले असल्यामुळे वृद्ध डोळा आणि चर्चमधील पाद्री हे भाषेच्या दफ्तरात एकाच कुळाखाली नोंदलेले आहेत.

आता ही अवस्था नेमकी कशी असते, हे पाहावयाचे असेल तर ग्रंथालयापेक्षा रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एखादा कोळीवाडा अधिक सोयीचा. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन ह्यांपैकी कोणताही घ्यावा. मात्र हंगाम पावसाळ्याचा असावा, कारण 1 जून ते 31 जुलै ह्या मासेमारीबंदीच्या मुदतीत होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि घराघरांच्या पडव्यांत, ओट्यांवर, ताडपत्रीच्या आडोशाला जाळ्यांची दुरुस्ती चाललेली असते. फाटलेले जाळे सांधणे हे काम वरून दिसते तितके सोपे नव्हे. आधी तुटलेल्या आसांची, म्हणजे जाळ्याच्या घरांची, लोंबती टोके गाठीपर्यंत नीट कापून घ्यावी लागतात. कोणत्या गाठीला दोन दोऱ्या राहिल्या आणि कोणत्या गाठीला तीन, हे ओळखून जेथे तीन आहेत तेथून आरंभ करावा लागतो. मग चपट्या सुईवर गुंडाळलेला दोरा पट्टीच्या मापाने ओवीत एकेक आस भरून काढावयाचा, आणि प्रत्येक गाठ आवळताना ती घसरली नाही ना, हे पाहून घ्यावयाचे. एक गाठ चुकली तर शेजारचा आस वाकडा होतो, त्याच्या पुढचा अधिक वाकडा होतो, आणि हातभर अंतर गेल्यावर सारेच उसवावे लागते. पूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत, त्यांचा दोरा निदान जाड आणि मळकट तरी असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आले, आणि त्यातला एकेरी तंतूचा पारदर्शक प्रकार माशाला दिसू नये म्हणूनच केलेला असल्यामुळे चाळिशी लागलेल्या माणसालाही तो दिसत नाही, ह्यात कारखानदाराचा दोष नाही.

अशा ओट्यावर जाळे सांधणारा पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा तांडेल जाळे मांडीवरून हळूहळू गुडघ्यावर नेतो, गुडघ्यावरून आणखी पुढे नेतो, आणि शेवटी हात पुरेनासे झाले म्हणजे घरातल्या पोराला हाक मारून म्हणतो, ‘ये रे, जरा ही गाठ बघ.’ पण त्याच मनुष्याने मान वर करून समुद्राकडे पाहिले तर थळच्या समोर खांदेरीचे बेट, त्यावरील 1867 साली बांधलेले दीपगृह आणि त्या बाजूने जाणारे गलबत, ही त्याला पोरापेक्षाही आधी दिसतील; एवढेच नव्हे, तर ते गलबत कोणत्या बंदरचे आहे, हेही तो त्याच्या बांधणीवरून सांगेल. डोळ्यावर पडदा आला असता, किंवा आत पाणी उतरले असते, तर खांदेरीही धूसर व्हावयास हवी होती. ती होत नाही. म्हणजे ह्या अंधुकपणात आड आलेले असे काहीच नाही; दूरचे राज्य अबाधित राहून केवळ जवळचा मुलूख हातातून गेला आहे. आड आलेल्या वस्तूवरून पाडलेली सगळी नावे येथे गैरलागू ठरतात, आणि वर्षांचा आकडा तेवढा लागू पडतो.

तो लागू का पडावा, ह्याचे कारण डोळ्यातील भिंगात आहे. हे भिंग काचेचे नसून जिवंत पेशींचे आहे, आणि त्याभोवतीचा स्नायू आकुंचन पावला की त्याला ताणून धरणारे सूक्ष्म तंतू सैल पडून ते अधिक फुगीर होते. जवळची वस्तू स्पष्ट दिसते ती ह्या फुगण्यामुळे. थॉमस यंग ह्या इंग्रज वैद्याने 1801 साली स्वतःचा डोळा पाण्यात बुडवून, म्हणजे बुबुळाच्या वक्रतेचा परिणाम नाहीसा करून, तरीही जवळ-दूर पाहण्याची शक्ती शाबूत राहते असे दाखविले, आणि ही करामत बुबुळाची नसून आतल्या भिंगाची आहे, हे सिद्ध केले. ह्या भिंगाचा स्वभाव असा की, ते जन्मभर वाढतच राहते. जुन्या पेशी टाकून द्यावयास त्याला जागा नाही, त्यामुळे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याप्रमाणे थरावर थर चढत जातात, मधला गाभा दाटत जातो, आणि स्नायूने कितीही हुकूम सोडला तरी ताठर झालेले भिंग फुगण्याचे नाकारते. डोंडर्स ह्या डच नेत्रवैद्याने एकोणिसाव्या शतकात वयावार मोजमापे घेऊन ह्या ऱ्हासाचा तक्ताच तयार केला. त्याप्रमाणे दहा वर्षांच्या मुलाला सुमारे 7 सेंटिमीटरवरील वस्तू स्पष्ट दिसते. चाळिसाव्या वर्षी हे अंतर सुमारे 22 सेंटिमीटर होते, पन्नासाव्या वर्षी 40, आणि साठाव्या वर्षी जवळजवळ एक मीटर. ह्यावरून दिसेल की, ऱ्हास चाळिसाव्या वर्षी सुरू होत नाही. तो बालपणापासूनच चाललेला असतो, आणि पुस्तक धरण्याच्या नेहमीच्या अंतराशी तो येऊन भिडतो तेवढा चाळिशीच्या सुमारास. उष्ण प्रदेशांत ही अवस्था थोडी आधीच येते, असे नेत्रवैद्यांचे निरीक्षण आहे. तेव्हा आमच्या कोकणात एखाद्याला अडतिसाव्या वर्षीच चाळिशी लागली तर त्याने मनास लावून घेऊ नये. उलट, ‘आमच्या आजोबांना ऐंशीव्या वर्षीही चाळिशी नव्हती,’ असा अभिमान पुष्कळ घराण्यांत सांगितला जातो, तेव्हा त्या आजोबांना तरुणपणापासून दूरचे दिसत नसावे, अशी शंका घेण्यास जागा असते. ऱ्हस्वदृष्टीच्या मनुष्याचा डोळा मुळातच जवळच्या अंतरावर बसविलेला असल्यामुळे चष्मा काढून ठेवला की त्याला वाचता येते.

आयुर्वेदात दृष्टिमांद्याचे मुख्य नाव ‘तिमिर’. हा शब्द ‘तमस्’च्या कुळातला मानतात, तर संस्कृत वैयाकरणांनी त्याचा संबंध ओलसर होणे ह्या अर्थाच्या ‘तिम्’ धातूशी जोडला आहे. त्यामुळे वैद्यपरंपरेत तिमिर म्हणजे नुसता अंधार नसून डोळ्यात साचलेल्या ओलाव्याचाही अंधार ठरला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या 76 रोगांची गणना आहे, आणि त्यांत तिमिराचे वर्णन दोषांनी डोळ्याची चार पटले क्रमाक्रमाने व्यापण्याच्या रूपाने केले आहे. पहिल्या पटलात दोष शिरले की रूपे अस्पष्ट दिसतात. दुसऱ्यात ते पोचले की माशा, डास, केस, जाळी असे नसलेले पदार्थ डोळ्यांपुढे फिरू लागतात, दूरचे जवळ आणि जवळचे दूर भासते, आणि पुष्कळ प्रयत्न केला तरी सुईचे नेढे दिसत नाही. तिसऱ्यात वस्तू वस्त्राने झाकल्यासारख्या वाटतात व समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरील नाक-कानांचा मेळ बसत नाही. चौथ्यात लिंगनाश, म्हणजे दृष्टीचा लोप. मात्र रोग फार खोल गेला नसेल तर सूर्य, चंद्र, वीज अशा तेजस्वी गोष्टी अद्याप जाणवतात. ज्या ग्रंथकाराने सुईचे नेढे ही कसोटी म्हणून निवडली त्याने रोगी प्रत्यक्ष तपासले होते, ह्याविषयी मला तिळमात्र संशय नाही. पुस्तकावरून पुस्तक लिहिणाऱ्याला हे सुचत नाही. परंतु त्याच बरोबर हेही मान्य केले पाहिजे की, सुश्रुताने ह्या एकाच जिन्यावर अनेक विकार चढविलेले आहेत. डास-माशांचा भास डोळ्यातील घनद्रवात तरंगणाऱ्या कणांचा असू शकतो, वस्त्राआडचे दिसणे मोतीबिंदूचे असू शकते, आणि नेढे न दिसणे बहुधा आमच्या चाळिशीचे. जिच्या पुढच्या पायरीवर आंधळेपणा नाही अशी चाळिशी ह्या जिन्यात गुंतल्यामुळे सुई ओवता न येणाऱ्या किती निरोगी माणसांनी अंधत्वाची धास्ती घेतली असेल, कोण जाणे.

पाण्याच्या कल्पनेचा प्रवास ह्याहून मनोरंजक आहे. डोक्यातून एक द्रव उतरून डोळ्यात साचतो व गोठतो, अशी जुन्या ग्रीक वैद्यांची समजूत होती. अरबांनी ती उचलून मोतीबिंदूला ‘नुझूल-उल-मा’, म्हणजे पाण्याचे उतरणे, म्हटले. अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा त्या उतरत्या पाण्याचा धबधबा होऊन ‘कॅटरॅक्ट’ रूढ झाले. फारसीत ‘आब-ए-मुरवारीद’, मोत्याचे पाणी. आणि आपल्याकडे मोतीबिंदू. ह्या नुझूलमधील ‘उतरणे’ आपल्या मुलुखात निराळ्याच खात्यात नोकरीस लागलेले आहे: वारस नसल्यामुळे किंवा अन्य कारणाने सरकारकडे उतरलेली जमीन ती ‘नजूल’, आणि डोक्यातून उतरणारे पडसे ते हिंदीत ‘नजला’. तहसील कचेरीत नजूल जमिनीच्या फेरफाराची नक्कल घेण्यास उभ्या असलेल्या मनुष्याच्या डोळ्यात मोतीबिंदू असेल, तर एकच अरबी धातू त्याच्या अर्जात आणि त्याच्या डोळ्यात अशा दोन ठिकाणी हजर आहे.

चाळिशी आणि मोतीबिंदू ह्यांची गाठ पडते ती उतारवयात, आणि ती मोठ्या चमत्कारिक रीतीने. पासष्ट-सत्तरीच्या आजीबाईंना एके दिवशी असे आढळते की, चष्म्यावाचून पोथी वाचता येऊ लागली आहे. घरात आनंदीआनंद होतो, देवीला नारळ फुटतो, शेजारणी नजर फिरून आली म्हणून कौतुक करतात. वास्तविक तेथे भिंगाचा गाभा मोतीबिंदूमुळे अधिक घट्ट होऊन प्रकाश अधिक वाकवू लागलेला असतो. डोळा ऱ्हस्वदृष्टीकडे झुकतो, आणि जवळचे दिसते त्याची किंमत दूरच्या दृष्टीने भरली जात असते. काही महिन्यांनी अंगणातला माणूस ओळखू येईनासा झाला म्हणजे हा जमाखर्च लक्षात येतो.

किनाऱ्यावर अंधुक दिसण्याचे आणखी एक कारण आढळते, आणि ते चाळिशीच्या नावावर खपून जाण्याचा संभव असतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून, बहुधा नाकाकडच्या बाजूने, मांसल पडदा बुबुळाकडे सरकत येतो, त्याला मराठीत ‘वडस’ म्हणतात. सुश्रुताने ‘अर्म’ ह्या नावाखाली ह्याच जातीच्या वाढीचे पाच प्रकार सांगून ती आकड्याने उचलून कापण्याचा विधीही दिलेला आहे. ऊन, वारा, धूळ आणि पाण्यावरून परत फिरणारा उन्हाचा लखलखाट ह्यांत ज्यांचा दिवस जातो त्यांना हा विकार अधिक होतो. त्यामुळे होडीवरचे खलाशी आणि उरण-पेणकडील मिठागरांत काम करणारे मजूर ह्यांना त्याचे भय इतरांहून जास्त. वडस बुबुळाला एका बाजूने ओढून त्याची गोलाई बिघडविते आणि मग दूरचे व जवळचे दोन्ही विस्कटते. खांदेरीकडे पाहण्याची कसोटी येथेही उपयोगी पडते.

चष्म्याच्या इतिहासात चाळिशीचा मान पहिला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत जे पहिले चष्मे झाले ते फुगीर भिंगांचे, म्हणजे जवळचे दाखविणारे, होते. दूरचे दाखविणारी खोलगट भिंगे मागाहून आली. 1306 साली जोर्दानो नावाच्या एका धर्मोपदेशकाने फ्लॉरेन्समध्ये प्रवचन करताना ह्या कलेला अजून वीस वर्षेही झाली नाहीत असे सांगितले होते, त्यावरून तिचा काळ ठरतो. हिंदुस्थानातील चष्म्याचा माग भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी मोठ्या चिकाटीने काढला. विजयनगरचे व्यासराय स्वामी, जे 1539 मध्ये निवर्तले, ते ग्रंथवाचनासाठी चष्मा लावीत असल्याचा उल्लेख सोमनाथ कवीच्या त्यांच्यावरील चरित्रग्रंथात असल्याकडे त्यांनी लक्ष वेधले. ‘उपनेत्र’ हा संस्कृत शब्द पंडितांपुरता राहिला, फारसी ‘चष्मा’ सर्वत्र झाला, आणि घरगुती व्यवहारात चाळिशीने आपली जागा सोडली नाही.

इतक्या जुन्या व स्वस्त उपायाची गरज अद्याप भागलेली नाही. जगात ही अवस्था असलेली माणसे सुमारे 180 कोटी आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालातील अंदाज आहे. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढील मजुरांना जवळचा चष्मा देऊन पाहिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानतोडणी सुमारे 22 टक्क्यांनी अधिक वाढली, असे 2018 साली प्रसिद्ध झाले. जाळ्याचे आस आणि चहाची कोवळी पाने ह्यांत डोळ्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. शिवाय आता होडीवरही दिशादर्शक यंत्राच्या लहानशा पडद्यावरील आकडे वाचावे लागत असल्यामुळे, पूर्वी किनाऱ्यावर राहणारी चाळिशी समुद्रावर जाऊ लागली आहे. तेथे दुहेरी भिंगाचा चष्मा मात्र जपून वापरावा. खालच्या भिंगातून हलत्या फळ्यांवरचे आपलेच पाऊल अस्पष्ट दिसते आणि पाय चुकतो. त्यापेक्षा निव्वळ वाचनाचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवून ठेवलेला बरा.

बाजारात तयार चाळिशी मिळते. विक्रेता फार तपासणी करीत नाही. तो वय विचारतो आणि त्या अदमासाने एक, दीड किंवा दोनाचे भिंग पुढे करतो, आणि दोन्ही डोळे सारखे असले, वडस-बिडस नसले, तर त्याचा अदमास बहुधा बरोबर ठरतो, कारण ही अवस्था खरोखरच वयाच्या हिशेबाने चालते. त्याच्या पेटीत ज्याचा इलाज नाही असा विकार काचबिंदू. संस्कृत वैद्यकात ‘काच’ ही तिमिराचीच एक पुढची पायरी होती. आजच्या मराठीत त्या शब्दाने डोळ्यातील वाढलेल्या दाबामुळे बहुधा होणारी दृष्टितंतूंची हानी दाखविली जाते. तीत दुखत नाही, खुपत नाही, मधले स्पष्ट दिसत राहते, आणि कडेची दृष्टी मनुष्याच्या नकळत कमी होत जाते. गेलेली परत येत नाही. तिचा धोका चाळिसाच्या पुढे वाढतो, म्हणजे मनुष्य गाठ दिसत नाही म्हणून तक्रार घेऊन येतो त्याच वयात. चाळिशीचा नंबर काढण्यास आलेल्याच्या डोळ्यांतील दाब मोजून घेण्याचा रिवाज नेत्रवैद्यांनी ठेवला आहे तो त्याकरिताच.